पान एकशे बारा

चोपड्याला, कॉलेजसमोर, निंबाभाऊचं मशीन
सकाळी आठलाच तापलेलं असतं.
"सर, अख्खं मारू? चाळीस सेट,
स्पायरलसकट स्वस्तात बसवतो."
मी हो म्हणणारच होतो.
अकरा वर्षं होच म्हणत आलो होतो.

पुस्तक भारंबे सरांचं, सातपुड्याच्या झाडांवरचं.
दुकानात मिळत नाही. ग्रंथालयात एक प्रत,
तिची पाठ मेणकापडानं बांधलेली.
दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सर्व हक्क सौ. कौतिक भारंबे, फैजपूर.
या ओळीवरून मशीनचा हिरवा उजेड
किती वेळा सरकला असेल.
वाचली कोणीच नव्हती. मीही.

एखाद्या प्रकरणाची मुभा असते शिकवणाऱ्याला,
पुस्तकभर नसते, हे ठाऊक होतं.
पण ठाऊक असणं आणि विचारायला जाणं
यांच्यामध्ये यावल लागतं.

गेलो.
बाई ओट्यावर बिबडे वाळत घालत होत्या.
"परवानगी? इतक्या वर्षांत
विचाराले कोनी नही आलं."
हात पुसत आत गेल्या, आणि घेऊन आल्या
घडीवर फाटत आलेली चिठ्ठी, सरांच्या अक्षरातली:

पान ११२. चित्रे उलटी पडली.
अंजनाच्या जागी धावडा, धावड्याच्या जागी अंजन.
दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करणे.

"दुसरी निघालीच नही. जाईपर्यंत तेच घोकत होते.
काढा तुम्ही कॉप्या. पन हे आधी नीट करा.
आन् नाव मोठं नको त्यांचं,
बरोबर टाका. एक वेलांटी नेहमी चुकते."

परतीच्या बसमध्ये रायसिंग पावरा आठवला,
वरच्या पाड्यावरचा, शेवटच्या बाकाचा.
त्यानं झेरॉक्सवर बोट ठेवलं होतं:
"सर, हा अंजन नाही.
अंजनाचं पान शेळीच्या खुरासारखं, दोन फाकींचं."
मी म्हणालो होतो,
छापलंय ते लिही. मार्क त्यालाच आहेत.

चाळीस गुणिले अकरा.
एवढ्या हातांत मी धावडा दिला, अंजन म्हणून.

"सर, अख्खं मारू?"
मार. पण ही चिठ्ठी सगळ्यात वर.
"घडीची काळी रेघ उमटतेय हो मधोमध."
उमटू दे.
आणि एक सेट जास्तीचा काढ, निंबाभाऊ,
पाड्यावर पाठवायचाय.
पत्ता मला विचारावा लागेल.