चावी उलटी

विचारता ना, कसं काढतेस.
तर आधी काढतच नाही.
विजेच्या बिलाच्या पाठीमागे
काडेपेटीएवढ्या सहा चौकटी पाडते
आणि त्यांत माणसांऐवजी बटाटे ठेवते.
मोठा बटाटा म्हणजे घाडीगावकर, चावीवाला.
लहान तीन, हंडे घेऊन उभ्या बायका.
तिरकी रेघ म्हणजे भांडुपचा आमचा चढ.
एवढ्यावर गोष्ट कळली नाही
तर पुढे कितीही नटवा, कळत नाही.

मग निळी पेन्सिल.
फिकी, झेरॉक्सला न दिसणारी,
म्हणून हिच्यात मनसोक्त चुकते.
नाक तीनदा. कान कुठेही.

हात मला येत नाहीत.
पहिल्या दोन अंकांत सगळी माणसं
खिशात हात घालून फिरतात.
एक वाचक म्हणाला,
काय बेफिकिरी आहे तुझ्या पात्रांत!
मी हो म्हटलं.

पण चावीवाल्याचे हात खिशात कसे घालू?
पहाटे चार चाळीसला
रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं,
छातीएवढी उंच चावी आत सोडायची
आणि अंगाचा भार टाकून फिरवायची,
ही गोष्टच हातांची.
म्हणून लाटणं मुठीत धरून
आरशासमोर उभी राहिले
आणि आरशातलं बघून काढत गेले.
आई म्हणाली, पोळ्या करतेयस की भांडण?

शाईला मात्र श्वास रोखते.
टाक टेकला की माघार नाही.
माघार म्हणजे पांढरा रंग,
आणि तो वाळेपर्यंत चहा.
चहात ब्रश बुडवलाय एकदा.
अंक तिसरा, पान नऊ,
आभाळ तपकिरी आहे ते त्यामुळे.
त्याचंही कौतुक झालं.

छापायच्या आदल्या दिवशी
पानं घेऊन घाडीगावकरांकडे गेले.
त्यांनी चष्मा शर्टाला पुसला,
भिंतीवरचा पाइप चाचपावा
तसं बोट फिरवलं चौकटींवरून
आणि थांबले.
‘गो बाय, तू तर पाणी बंद करतंस.’
मला कळेना.
‘ह्या बाजूक फिरवलंस तर बंद होता.
तुझ्या पुस्तकात अख्खो पाडो तानेन मरतलो.’

आरसा.

सहा चौकटी, अडीच रात्री.
मी पानं गोळा करायला लागले,
तर त्यांचं बोट पाचवी आणि सहावीच्या मध्ये अडलेलं.
‘ह्या मधल्या पांढऱ्यात काय आसा?’
म्हटलं, काही नाही, ती गल्ली.
वाचक तिथून पलीकडे उडी मारतो.
‘काय नाय कसा?
चावी फिरवली की लगेच पाणी येता काय?
आधी वारो येता. नळ खोकता.
बायो हंडो सरकवतत.
त्या सगळा खंय ठेवलंस?’

दहा वर्षं चौकटी आखतेय,
गल्लीत पाय ठेवला नव्हता.

तर आता पद्धत थोडी बदललीय.
बटाटे तेच, निळी तीच.
हात पुन्हा काढले, आरशाशिवाय,
आईच्या हातात लाटणं देऊन.
ती दर पाच मिनिटांनी हलते, मी ओरडते.
आणि पाचवी-सहावीच्या मधली पट्टी
दीड सुतानं वाढवली.
तिच्यात काहीही काढलेलं नाही.
तिथे पोचलात की जरा रेंगाळा,
पान उलटायची घाई नको.

नवा अंक, साठ प्रती,
मधोमध दोन पिना, दुसरी जरा वाकडी.
पहिली प्रत घाडीगावकरांना दिली.
त्यांनी सहावी चौकट उजेडात धरली,
स्वतःचा पंजा शेजारी ठेवला,
करंगळीशी करंगळी लावून पाहिली.
‘हात माझो नाय,’ म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
‘पण काम करतलो.’