एम खोडताना

डिसेंबर. शाळेचा बॉयलर दुपारीच गचकला,
त्यामुळे सातवीची पोरं कोट न काढताच बसलीत
आणि खडू माझ्या हातमोज्यातून सारखा निसटतोय.
फळ्यावर वर्तुळ. डाव्या बाजूला पोचा आलेलं.

मी म्हणते, खुंटाला बांधलेलं शिंगरू आठवा.
ते बघतं सरळ पळायला, दोर त्याला वळवतो.
वर दोर नाही. पृथ्वीची ओढ आहे.
ती वस्तू सारखी पडतेच आहे,
फक्त पडता पडता इतकी पुढे जाते
की जमीनच तिच्याखालून वळून निघून जाते.

"म्हणजे पडते की नाही?" आयगानिम विचारते.
पडते. पोचत नाही.

डावीकडे लिहिते, वळवायला लागणारं बळ:
एम, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या.
उजवीकडे ओढ:
जी, पृथ्वीचं वस्तुमान, पुन्हा तोच एम,
भागिले त्रिज्येचा वर्ग.
मग गेली एकवीस वर्षं मारते तशी
दोन्ही एमवर एकेक तिरपी रेघ.

"का खोडला?"

मागच्या बाकावरून. ओरिनबासार.
बारा वर्षांचा.
यंदा आजोबांनी त्याला घोड्यावरून उतरवलं.
शर्यत पंचवीस किलोमीटरची, उघड्या स्टेपवर,
आणि पोरगा एका उन्हाळ्यात
बेचाळीस किलोंवरून चोपन्नवर गेला.
आता खोगिरावर त्याचा मावसभाऊ बसतो, नुसती काडी.
हा लगाम धरून रांगेपर्यंत नेतो आणि बाजूला होतो.
वजनाला काय करणार, एवढंच म्हणाले आजोबा.

कारण तो दोन्हीकडे आहे, मी सांगते.
जितका जड, तितकी ओढ जास्त,
आणि तितकंच वळवणंही अवघड. फिटंफाट.
"म्हणजे अख्खं स्टेशन, आणि त्याचा निसटलेला एक स्क्रू..."
एकाच उंचीवर असतील तर एकाच वेगात.
"आणि मी?"
वर्ग हसला. मी हसले नाही.
तूसुद्धा.

कॅल्क्युलेटरचा पडदा थंडीने काळा पडलेला.
मग हातानेच.
जी गुणिले पृथ्वी: तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे.
त्रिज्या चारशे नाही रे, बाउरजान!
चारशे ही उंची, जमिनीपासूनची. वर्तुळ मध्यापासून मोजायचं.
पायाखालचे सहा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर कोण मिळवणार?
भागाकार अठ्ठावन्न दशांश आठ.
आता मूळ. सात सत्ते एकोणपन्नास, कमी.
आठ अठ्ठे चौसष्ट, जास्त.
सात दशांश सहा? थोडं कमी. सात दशांश सात? थोडं जास्त.
चुकार मेंढरू दोन्ही बाजूंनी दाबत
कुंपणात आणावं तसं आणतात पोरं त्याला:
सात दशांश सहा सात.

किलोमीटर. सेकंदाला.
शाळेपासून रेल्वे फाटा, आणि त्याच्याही पुढचं कब्रस्तान,
'सेकंद' हा शब्द तोंडातून पुरता सुटायच्या आत.

घंटा. सगळे शेगडीच्या खोलीकडे पळाले.
तो फळ्यापाशी आला, दोन्ही रेघा बोटाने पुसल्या,
दोन्ही एम नीट गिरवले, जरा मोठेच.
मग खोडले. दुसऱ्याला खडू मोडला.
अर्धा त्याने खिशात टाकला, मला दिसेल असा.

खिडकीतून पाहिलं. फाटकाशी आजोबांचा घोडा.
चढला नाही तो.
लगाम सैल सोडून, बर्फातून,
घोड्याच्या बरोबरीने चालत गेला.