पहिल्या काळात

सेलूत, स्टेशनच्या अंगाला,
गफूरभाईंच्या गिरणीवर आमचा क्लास.
बारा बाय वीसची खोली, शहाबादी फरशी,
आणि फरशीखालून दिवसभर पट्ट्याची धडधड.
ज्वारीचं पीठ जिन्यानं वर यायचं.
नाचाआधी वाकून जमिनीची क्षमा मागावी,
बोटं डोळ्यांना लावावीत,
तर पापण्या पांढऱ्या.

पद्मजाबाई कानडखेडकर काठीनं पाट वाजवत.
पाट त्यांच्या लग्नातला,
तैया तै, तैया तै खाऊन
मधोमध खळगा पडलेला.

अरमंडीत बसा.
बसलो.
गुडघे बाहेर, पाठ पहारेसारखी.
मांड्या थरथरायच्या,
ती थरथर आमची की गिरणीची
कळायचं नाही, आणि ते बरंच होतं.
तट्टडवू एकापासून आठापर्यंत,
मग नाट्टडवू: टाच लांब टाकायची,
रानात पाण्याचं बारं मोडावं तशी.
आम्हा सातजणींना वाटायचं,
तालात आहोत.
सातांचा मिळून एक पाय.

मग एका मंगळवारी लाईट गेली.
पट्टा सैलावत सैलावत थांबला,
गफूरभाईंचं "आता चार वाजता" वरपर्यंत आलं.
बाईंची काठी थांबली नाही.
आणि आमचे पाय आम्हाला पहिल्यांदा ऐकू आले,
खापरात लाह्या फुटाव्यात तसे,
एक आत्ता, एक मग,
एक कुठंतरी कोपऱ्यात.

बाई रागावल्या नाहीत.
पाटावरचं पीठ पदरानं पुसलं.
"पहिला तट्टडवू. पहिल्या काळात.
आता सुरुवात करू."

चार वाजेपर्यंत तेवढंच.
उचल. थांब. टाक.
दोन वर्षं नाचत होते मी,
पण उचललेल्या पायाखाली एवढी जागा असते,
तिथं एक अख्खा श्वास मावतो,
भीतीही मावते,
हे ठाऊक नव्हतं.
काठी खाली यायची तेव्हा
मी अजून त्या जागेतच असायचे.

खाली बायका डबे नंबराला लावून बसलेल्या.
कुणी बोलत नव्हतं.

उतरताना जिन्याशी सोजरबाई,
डब्याला टेकून तंबाखू मळत,
वर न बघताच म्हणाली,
"समद्याइचं बरोबर हाय गं.
एकीचाच पाय मागं पडायलाय, कवाचा."

मी चपलेत पाय सरकवला.
डावा.
मग, जरा थांबून,
उजवा.