रंधा

'एक्स्प्लेन' माझ्या वाट्याला आला मार्चमध्ये,
चिठ्ठ्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला,
वर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग.
मिस प्रिंगल म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत हं, एनिड.

व्युत्पत्ती सोपी होती. लॅटिन. प्लानुस: सपाट.
म्हणजे आधी काहीतरी उंचसखल असतं
आणि कुणीतरी येऊन ते एका पातळीत आणतं.
रंध्याचं इंग्रजी नावही त्याच घराण्यातलं.
इथे मी पेन खाली ठेवलं.

ॲम्बलच्या बंदरावर माझ्या बापाची शेड.
सेप रटर, होड्या बांधणारा.
लार्चच्या फळीवरून त्याचा रंधा सरकायचा
तेव्हा सालपटं निघायची इतकी पातळ
की राल्फ आणि मी त्यांतून एकमेकांकडे बघायचो,
अख्खं बंदर मधाच्या रंगाचं व्हायचं.

राल्फ गेला तो बापाने त्याच्यासाठीच बांधलेल्या होडीतून.
चौकशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत झाली.
साहेबाने विचारलं, मिस्टर रटर,
तळाची फळी कशी सुटली, जरा एक्स्प्लेन कराल?
बाप उभा. हातात टोपी.
भिंतीवरचं घड्याळ, मागे कुणाचा तरी खोकला.
मग म्हणाला, 'लाकूड होतं, साहेब.'
आणि बसला.
कारकुनाने लिहिलं: समाधानकारक खुलासा नाही.

मला राग आला होता. एकोणीस वर्षं पुरला.

अर्थ एक: समजेल असं करणे.
अर्थ दोन: कारण देणे; आपली बाजू मांडणे.
अर्थ तीन, जुना, आता कुणी वापरत नाही:
सुरकुती, घडी, खाचखळगा मोडून सपाट करणे.
पुढे 'अवे' जोडला, तर
सांगून सांगून ती गोष्टच उरू न देणे.

या शेवटच्यापाशी दिवे लागेपर्यंत बसले.
रंधा थांबवला नाही तर काय होतं, मी पाहिलंय:
हातात फळी राहत नाही,
पायाशी नुसता ढीग, गुळगुळीत, वासाचा,
फुंकरीने हलणारा.
बापाला ते माझ्याआधी ठाऊक असणार.

शुक्रवारी नोंद दिली. मिस प्रिंगलनी
तिसऱ्या अर्थापुढे पेन्सिलीने लिहिलं: उदाहरण?
म्हटलं, आहे एक. छापील नाही.
चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या,
मग ते चालायचं नाही.