ठेंगणं

महाराजबागेजवळच्या नर्सरीतला माणूस म्हणाला,
घेऊन जा जी, हे फार वाढत नाही,
तुमच्या खांद्याला लागेल, बस.
मग माझा खांदा नेमका कुठं आहे ते पाहून
थांबला जरा,
आणि दहा रुपये कमी केले.

चार फूट सात इंच.
वीज बिलाच्या खिडकीमागं तीस वर्षं
उंच स्टुलावर बसले, पाय अधांतरी.
रांगेतून बाई चांगली भरदार दिसायची.
पाच वाजता मी खाली उतरले
की कुणीतरी दचकायचंच.

तर अंजीर.
मानेवाड्यात, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत,
डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या बादलीत.
बुडाला तापल्या सळईनं सात भोकं,
विटांचा चुरा, माती, शेणखत, चिमूटभर चुना.
चुना मागतं ते, पानवाल्याकडच्या गिऱ्हाइकासारखं.

समोरच्या बुरडेबाई दारातूनच म्हणाल्या,
काहून आणलं वो हे?
उंबराच्या भावकीतलं. भिंती फोडते.
मी म्हटलं, यानं बादली फोडली तरी पेढे वाटीन.

दिवाळी झाली आणि पानं गेली,
एकूण एक.
राहिली खराट्यातून निसटल्यासारखी एक काडी.
मेलेल्याला पाणी पाजते असं दिसू नये म्हणून
मी आधी तुळशीला घालायची,
मग हात सहज वळल्यासारखा
तिकडं.

फेब्रुवारीत काडीच्या शेंड्याला हिरवी चोच.
मग पान: पाच बोटांचं, खरखरीत,
राखेनं भांडी घासलेल्या हातासारखं.

नवतपात मात्र दोघींची परीक्षा.
(हो, दोघींची. मी त्याला केव्हा बाई केलं, आठवत नाही.)
कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घातलं
तर कडा करपल्या; खारं असतं ते,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
रात्री अकराला बादली तव्यासारखी.
ओलं पोतं तिच्याभोवती,
ओला टॉवेल माझ्या डोक्यावर,
लाइट गेलेली, आणि फरशीवर बसल्यावर
आमची उंची
अगदी सारखी.

तिसऱ्या जानेवारीत बादली पालथी केली.
मुळं आतल्या आत गोल गोल फिरून
बादलीच होऊन बसली होती.
नर्सरीवाला फोनवर म्हणाला, कापा, तिसरा हिस्सा, घाबरू नका.
ब्रेडच्या सुरीनं कापली.
पांढरा चीक मनगटावर आला, दोन दिवस खाजला.

नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी मेयोत नेलं होतं.
डॉक्टरांनी हाडं बघितली, नखं बघितली,
म्हणाले, तब्येत झकास आहे,
एवढीच आहे.
परतताना बाबा बोलले नाहीत.
सीताबर्डीला उतरून त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला,
मोठा ग्लास.
स्वतःसाठी घेतला नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये देठाच्या बगलेत
हिरवी गुंडी.
बुरडेबाई रोज येऊन वाकायच्या:
फूल तर दिसलंच नाही वो?
आणि मग हसायच्या, कारण त्यांचा बिलासपूरचा दीर
तीन वर्षांत एकदा उगवतो, त्याला घरात सगळे
उंबराचं फूल म्हणतात.

चार धरली होती.
एक गळलं. दोन बुलबुलांनी पोखरली, माझ्यादेखत,
मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.
चौथं मऊ झालं, मान टाकली,
तेव्हा ताटलीत घेऊन उभं चिरलं.
आत शेकडो फुलं, दाटीवाटीनं,
सगळी एकमेकींकडं तोंडं करून
गप्पा मारत बसल्यासारखी.
कुणाला दाखवायचंच नव्हतं त्यांना.

अर्धं बुरडेबाईंना दिलं.
त्यांनी बराच वेळ चावलं.
गोड आहे, म्हणाल्या. लहान आहे पण.
मग जाता जाता दारात,
एखादी काडी द्याल काय?

आता त्यांच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात
एक उघडी काडी उभी आहे.
सकाळी मी पडद्याआडून बघते.
त्या आधी तुळशीला पाणी घालतात.