तीन लांब, एक आखूड

गुरुवारी संध्याकाळी किल्ल्या माझ्याकडे असतात.
तारल्यांच्या कारखान्याचं मधलं दार
खाऱ्या हवेनं फुगलेलं, खांद्यानं रेटावं लागतं.
शेवटचा डबा बंद होऊन तीस वर्षं झाली
तरी भिंतींनी वास सोडलेला नाही.
नगरपालिकेनं दोनदा चुना मारला.
आता चुन्यालाही मासळीचा वास येतो.

मग बँड जमतो. एर्मिनियू न्हावी,
ट्रम्पेट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
पोस्टातली ग्रासिएत, एका ढोलावर भांडणारी दोन पोरं,
आणि मास्तर व्हास्कू, जो लिस्बनहून
एका उन्हाळ्यापुरता आला होता, अकरा वर्षांपूर्वी.
तो ओहोटी बघून तालीम ठरवतो.
भरतीला फरशीखाली पाणी बोलतं
आणि ट्युबा बेसूर लागतो, असं त्याचं म्हणणं.
(ट्युबा मी वाजवतो. माझं म्हणणं, पाणी बेसूर आहे.)

होड्यांच्या सणाला या वर्षी
कारखान्यावरच एक रचना बसवायची होती,
आणि तिच्यात त्याला भोंगा हवा होता, खराखुरा.
गावात पाच कारखाने, पाच भोंगे,
प्रत्येकाची हाक वेगळी. आपली कुठली?
कुणी लिहून ठेवली नव्हती.
क्लबात डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी
चार उत्तरं दिली आणि एक भांडण.
ते तेव्हा समुद्रावर असायचे.
भोंगा त्यांच्यासाठी नव्हताच.

मी आईला विचारलं.
ती शेंगा सोलत होती.
"भोंगा काय आठवायचा असतो?
वाजला की पाय निघायचे."

इदालेसियूनं टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आणला,
छपरावरचं भोंग्याचं नळकांडं उतरवून
आतलं चिमण्यांचं घरटं अलगद बाजूला ठेवलं.
भिंतीला टेकून सात बायका बसल्या होत्या,
क्रोशाचं काम मांडीवर. बघायला आल्या नव्हत्या,
घरी गार वाटतं म्हणून, असं म्हणाल्या.

दोन लांब, एक आखूड.
सुया चालूच.
एक लांब, दोन आखूड.
कुश्तोदिया जांभई देत म्हणाली, "हा पलीकडचा. पगार बुडवायचे."
तीन लांब, एक आखूड,

आणि आई उभी होती.
उठताना मला दिसलीच नाही, उभी दिसली,
हात पाठीमागे, नसलेल्या एप्रनची गाठ मारत.
कुश्तोदिया उभी. पाचही जणी उभ्या.
झुलमीराला गुडघ्यामुळे उठता येत नाही;
तिचा पाय खुर्चीखाली
खडावा चाचपत होता.

लोकर घरंगळत ढोलापाशी गेली.
कुणीतरी हसलं, मग त्या सगळ्या हसल्या,
आई सोडून.
"रात्री दोनला वाजायचा हा," ती व्हास्कूला म्हणाली,
"पोर अर्धं दूध प्यायलेलं, तसंच टाकून धावले.
हे पोर." बोट माझ्याकडे.
साठीचा मी, मांडीवर नऊ किलोचं पितळ घेऊन
कुठे बघावं ते कळेना.
"आणि तुम्ही याचं गाणं करणार?"

व्हास्कूनं काठी खाली ठेवली.
कॉम्प्रेसर एकटाच धापा टाकत राहिला.
बराच वेळ गेला. फरशीखाली पाणी चढू लागलं होतं.
मग आई खाली बसली, पदर नसलेल्या बाईनं
पदर सावरावा तसं काहीतरी केलं,
आणि म्हणाली, "शेवटचा इतका आखूड नव्हता.
रेंगाळायचा. येतेस ना, असा.
पुन्हा वाजव."

आता कागदावर भोंग्यानंतर चार मात्रा कोऱ्या आहेत.
तिथे बँडनं काही वाजवायचं नाही.
तिथे खुर्च्या सरकतात.
सणाच्या रात्री पाहुण्यांना वाटलं, संपलं,
आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.
वाजवोत.

दाराला कुलूप लावून आम्ही धक्क्यावरून घरी निघालो.
आई पुढे, नेहमीपेक्षा भरभर,
आणि मी मागे, खिशातल्या किल्ल्या
मुठीत घट्ट धरून,
वाजू नयेत म्हणून.