पेडल

मोज्यांची गिरणी बंद झाली तेव्हा
डोरीन टार्लटनच्या उजव्या पायाला
एवढंच येत होतं: दाबणं, सोडणं.
सव्वीस वर्षं अंगठे शिवले तिने
कॅरोलायनातल्या त्या गावात,
डझनावर पैसे.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली
पुन्हा एक पेडल.
दाबलं की डॉक्टर बोलतो,
सोडलं की गप्प.
इतका ऐकणारा पुरुष
तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला.

शेजारी जाडजूड कोश, पानांवर पिठाची बोटं.
हायपो म्हणाला की हायपर?
एकाने रक्तदाब आभाळाला भिडतो,
दुसऱ्याने पाताळात.
ती टेप मागे नेते, अजून मागे.
हा बाबा बोलता बोलता काहीतरी चघळतोय,
आणि नेमकी तेव्हाच कुणाची ट्रॉली खडखडते.

शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय,
कळलं नाही तर अंदाज बांधायचा नाही,
जागा रिकामी सोडायची.
मोज्यात हे चाललं नसतं.

गुरुवारी, अकरावी टेप.
"रुग्ण पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी"
आणि डॉक्टर थांबला.
टेप फिरत राहिली.
खुर्ची करकरली.
नाक ओढल्यासारखं काहीतरी.
मग उरलेलं वाक्य, घाईघाईत, आणि "पूर्णविराम".

डोरीनने तीनदा ऐकलं.
वेळ लिहिली. वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला.
मधले नऊ सेकंद कुठल्याच ओळीत बसेनात,
आणि पैसे तर ओळीवर.

पेडलवरचा पाय उचलून
ती तशीच बसून राहिली,
शेगडीवरच्या बीन्सना
करपल्याचा वास येईपर्यंत.